बेसॉल्ट आणि ट्रॅप : माळव्याच्या खडकाची दोन नावे

इंदूरमध्ये घर बांधायला काढले की पहिल्या काही दिवसांतच दारात दोन ढीग येऊन पडतात, एक गिट्टीचा आणि एक मुरुमाचा. गिट्टी काळीकरडी, टणक आणि धारदार कडांची. मुरूम तांबूस-पिवळा, हाताने चुरगळणारा. दिसायला दोहोंचा एकमेकांशी काही संबंध वाटत नाही, पण ते एकाच खडकापासून झालेले आहेत, आणि पाया खणताना वर निघालेली काळी मातीसुद्धा त्याच खडकाची आहे. हा खडक म्हणजे बेसॉल्ट. बोलण्यात आपण त्याला काळा पाषाण, काळा फत्तर किंवा नुसता कातळ म्हणतो. परिभाषेत ‘असिताश्म’ असाही एक शब्द घडवलेला आहे, पण तो पुस्तकाबाहेर फारसा रुळला नाही. भूविज्ञानात मात्र या खडकाला दोन परकी नावे कायमची चिकटली आहेत, बेसॉल्ट आणि ट्रॅप. पहिले नाव खडक कशाचा बनला आहे ते सांगण्यासाठी वापरतात, दुसरे तो जमिनीवर कसा रचलेला दिसतो ते सांगण्यासाठी. यांतले पहिले नाव बहुधा हस्तलिखिताच्या सदोष नकलेतून आले आणि दुसरे डोंगराकडे नीट पाहण्यातून. माळव्याची जमीन, शेती आणि पाणी समजून घ्यायचे असेल तर माझ्या मते हे दुसरे नावच अधिक उपयोगी पडते.

आधी खडकच पाहू. गिट्टीच्या ढिगातला ताजा फुटलेला एक तुकडा उचलून उन्हात धरावा. तो आकाराच्या मानाने जड लागतो, कारण त्याची घनता पाण्याच्या सुमारे २.९ पट असते. ताज्या फुटीवर रंग जवळजवळ काळा असतो, पण जी बाजू अनेक वर्षे हवा-पाणी खात पडलेली असेल तिच्यावर तपकिरी साल चढलेली दिसते. खडकातले लोह गंजल्याची ती खूण आहे. तुकडा हळूहळू फिरवला की काही बारीक सुया क्षणभर चमकून जातात. त्या फेल्स्पार वर्गातील प्लॅजिओक्लेज या खनिजाच्या. भोवतालचा काळा-हिरवट भाग मुख्यतः पायरॉक्सीनचा असतो, आणि त्यात लोह व टायटॅनियम असलेल्या मॅग्नेटाइटचे सूक्ष्म कण विखुरलेले असतात. दोऱ्याला टांगलेला चांगला लोहचुंबक या तुकड्याजवळ नेला तर तो किंचित ओढला जातो, तो या कणांमुळे.

हे कण इतके बारीक का, याचे उत्तर थंड होण्याच्या वेगात आहे. पृथ्वीच्या पोटातला वितळलेला शिलारस जमिनीवर आला की त्याला लाव्हा म्हणतात. बेसॉल्टचा लाव्हा बाहेर पडताना सुमारे ११०० ते १२०० अंश सेल्सिअस इतका तप्त असतो, आणि उघड्यावर तो तुलनेने लवकर निवत असल्यामुळे स्फटिकांना वाढायला सवड मिळत नाही. हाच शिलारस वर न येता खोल जागी सावकाश गोठला, तर त्याचा मोठ्या स्फटिकांचा गॅब्रो नावाचा खडक होतो. दुसरी महत्त्वाची गोष्ट सिलिकेची, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या संयुगाची. बेसॉल्टमध्ये सिलिका साधारणपणे निम्मी, म्हणजे ४५ ते ५२ टक्के असते, तर ऱ्हायोलाइटसारख्या फिकट ज्वालामुखी खडकात ती ७० टक्क्यांच्या आसपास जाते. सिलिका जितकी अधिक तितका लाव्हा घट्ट आणि चिकट. बडोद्याजवळच्या पावागडावर असा ऱ्हायोलाइट पाहायला मिळतो. बेसॉल्टचा लाव्हा मात्र पातळ असतो, तो मुखाशी साचून उंच शंकू करण्याऐवजी दूरवर पसरत जातो. माळव्यात किंवा महाराष्ट्रात फुजियामासारखा देखणा शंकू शोधणाऱ्याची निराशा होते, याचे एक कारण हे.

आता नावाकडे वळू. इंदूरच्या सराफ्यात रात्री खाण्यापिण्याची जी गर्दी होते तिच्यामुळे दिवसाचा सराफा विसरला जातो. पण तिथल्या जुन्या पेढ्यांवर, आता यंत्रे आली असली तरी, एक छोटा काळा गुळगुळीत दगड हाताशी असतो. सोन्याचा डाग त्यावर घासायचा, शेजारी ज्ञात शुद्धतेच्या सोन्याची रेघ ओढायची, दोन्हींवर आम्लाचा थेंब टाकायचा आणि कोणती रेघ किती टिकते ते पाहायचे. हा कसोटीचा दगड. सोन्याचा कस पाहणे, कसाला लागणे, कसोटीला उतरणे हे आपले नेहमीचे शब्दप्रयोग याच दगडावरून आले. अशा दगडाला ग्रीक भाषेत ‘बासानोस’ म्हणत, आणि त्यावरून एका काळ्या कठीण दगडाला ‘बासानितेस’ असे नाव पडले. या ग्रीक शब्दाचे मूळ इजिप्तच्या ‘बेखेन’ या शब्दात असावे असे मानतात. बेखेन हा इजिप्तच्या पूर्व वाळवंटातील खाणींतून काढला जाणारा गडद, घट्ट दगड होता आणि त्याच्या मूर्ती घडवल्या जात.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमचा प्लिनी हा ग्रंथकार निसर्गाविषयी लिहिताना अशा एका दगडाची नोंद करतो. इथिओपियाकडे मिळणारा हा दगड रंगाने आणि कठीणपणाने लोखंडासारखा आहे, असे तो म्हणतो. पुढे शतकानुशतके या ग्रंथाच्या हाताने नकला होत राहिल्या आणि त्यांत कुठेतरी ‘बासानितेस’चे ‘बासाल्तेस’ झाले, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. १५४६ मध्ये जर्मन खनिजतज्ज्ञ गेऑर्ग आग्रिकोला याने खनिजांवर ग्रंथ लिहिला. सॅक्सनीतल्या श्टोल्पेन येथील किल्ला ज्या काळ्या, खांबांसारख्या उभ्या खडकावर उभा आहे, तो खडक आणि प्लिनीचा दगड एकच, असे त्याने ठरवले आणि तेच नाव त्याला दिले. आग्रिकोलाचा दबदबा मोठा असल्याने नाव टिकले. श्टोल्पेनचा खडक खरोखरच ज्वालामुखीतून आलेला आहे. इजिप्तचा बेखेन मात्र तसा नाही. तो वाळू आणि गाळ घट्ट होऊन झालेला गाळाचा खडक आहे. म्हणजे शब्दाचे एक अक्षर फिरले आणि नंतर तो शब्द ज्या वस्तूला लावायचा ती वस्तूही बदलली. एवढे होऊनही आज बेसॉल्ट हा शब्द अगदी नेमक्या अर्थाने वापरला जातो, कारण नावाचा उगम काहीही असो, त्याची व्याख्या नंतर रासायनिक घटकांवरून आणि खनिजांवरून पक्की केली गेली.

ही व्याख्या होण्यापूर्वी बेसॉल्टवरून युरोपात एक मोठा वाद झाला. हा खडक प्राचीन समुद्राच्या पाण्यातून खाली बसून तयार झाला, असे फ्रायबर्गचा प्रसिद्ध अध्यापक आब्राहाम वेर्नर शिकवत असे, आणि त्याचे शिष्य युरोपभर पसरले होते. फ्रान्सच्या निकोला देमारे याने १७६३ मध्ये ओव्हर्न्य या प्रदेशात बेसॉल्टचे खांब पाहिले, त्या खडकाचा माग काढत तो थेट विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखापर्यंत गेला आणि खडक अग्नीतूनच आला हे त्याने दाखवून दिले. तरी वाद शमायला पुढची काही दशके जावी लागली.

दुसरे नाव, ट्रॅप, याच अठराव्या शतकातले आहे. स्वीडिश भाषेत ‘ट्राप्पा’ म्हणजे जिना. स्वीडनमधील काही टेकड्यांचे उतार काळ्या खडकाच्या पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरतात, ते पाहून तिथल्या खनिजतज्ज्ञांनी त्या खडकाला ट्रॅप म्हणायला सुरुवात केली. १८३३ मध्ये कर्नल विल्यम साइक्स यांनी मुंबई सरकारच्या चाकरीत असताना पाहिलेल्या दख्खनच्या भूरचनेवर निबंध प्रसिद्ध केला आणि तेव्हापासून ‘डेक्कन ट्रॅप’ हे नाव रूढ झाले. त्यातला दख्खन हा शब्द आपल्याला, म्हणजे नर्मदेच्या उत्तरेला राहणाऱ्या मराठी माणसांना, थोडा खटकतो. आपले पूर्वज दख्खन सोडून माळव्यात आले असे आपण म्हणतो. पण पायाखालचा खडक पाहिला तर पुणे-साताऱ्याकडून येऊन इंदूरला स्थायिक झालेल्या घराण्यांनी खडक बदललाच नाही. भूवैज्ञानिक डेक्कन ट्रॅपचे चार भाग पाडतात, ते असे : सह्याद्री आणि महाराष्ट्राचे पठार, माळवा, मंडला आणि सौराष्ट्र. आज हा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर उघडा दिसतो, आणि झिजून गेलेला व समुद्राखाली असलेला भाग धरला तर मूळ विस्तार याहून बराच मोठा होता.

पायऱ्या का पडतात हे समजण्यासाठी एका लाव्हा-थराचा उभा छेद डोळ्यांपुढे आणावा लागतो, आणि या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. लाव्हाचा एक प्रवाह जमिनीवर पसरून थांबला की त्यात विरघळलेले वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर चढू लागतात. वरचा पृष्ठभाग हवेने लवकर गोठतो, त्यामुळे बुडबुडे त्याच्या खालीच अडकतात आणि थराचा माथा पोकळ छिद्रांनी भरून जातो. तळाशीही थोडी छिद्रे राहतात. मधला भाग मात्र सावकाश निवतो, तिथले वायू निघून गेलेले असतात, त्यामुळे तो भरीव आणि घट्ट होतो. म्हणजे प्रत्येक थराला एक टणक पोट आणि एक सच्छिद्र माथा असतो. एका थराची जाडी कुठे दोन-चार मीटर तर कुठे काही दहा मीटर. पहिला थर गोठल्यावर त्यावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा असे होत गेले. नंतर लाखो वर्षे ऊन, पाऊस आणि नद्या त्यावर काम करत राहिल्या. सच्छिद्र माथे लवकर कुजले आणि मागे सरले. टणक पोटे उभ्या कड्यांच्या रूपाने टिकून राहिली. कडा, मग सपाटी, मग पुन्हा कडा. हाच तो जिना.

हे रूप पाहायला फार दूर जावे लागत नाही. महूपुढे पाताळपाणीला चोरल नदी माळव्याच्या पठाराची कड सोडून खाली झेपावते, तिथे धबधब्याच्या बाजूच्या भिंतीत हे थर एकावर एक रचलेले दिसतात. पावसाळ्यात सगळे लक्ष पाण्याकडे जाते, म्हणून थर पाहायचे असतील तर हिवाळ्यात जावे. भिंतीवर काही पट्टे उभ्या भेगांचे आणि घट्ट असतात, काही पट्टे भुसभुशीत असून त्यांत झुडपांनी मुळे रोवलेली असतात. झुडपांच्या आडव्या रांगा म्हणजेच थरांचे सच्छिद्र माथे. अहिल्याबाईंच्या काळातील जाम दरवाजातून खाली निमाडाकडे पाहिले की हीच कड आणखी भव्य दिसते. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे, महेश्वर सुमारे १५० मीटरवर. मधले ४०० मीटर या पायऱ्यांनी उतरलेले आहेत. नकाशावर या कडेला विंध्य पर्वत म्हणतात, आणि इथे एक घोटाळा नेहमी होतो : भूविज्ञानात ‘विंध्य’ नावाचे जे प्राचीन वालुकाश्म आहेत ते पूर्वेकडचे, इंदूरच्या दक्षिणेचा विंध्य मात्र बेसॉल्टचाच आहे.

सह्याद्रीतले किल्ले पाहिलेल्या वाचकाला ही रचना ओळखीची वाटेल. गडाचा कातळकडा हे एखाद्या थराचे टणक पोट असते आणि माचीची सपाटी बहुधा मऊ माथा झिजून मोकळी झालेली असते. शत्रूला चढता न येणारा ताशीव कडा आणि वर शिबंदी, तळी व घरे मावतील एवढी सपाट जागा, या दोन्ही गोष्टी एकाच डोंगरावर मिळाल्या त्या या खडकामुळे. वेरूळचे कैलास लेणेही आठव्या शतकात याच खडकात, वरून खाली कोरत नेले गेले. उलट आपल्या धार जिल्ह्यातली बाघची लेणी वालुकाश्मात आहेत, आणि त्यांची जी पडझड झाली तिच्यामागे हा ठिसूळ खडक हे एक मोठे कारण आहे.

एवढा लाव्हा आला कुठून? एका मुखातून नव्हे, तर जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून. अशा उद्रेकाचे जवळच्या काळातले उदाहरण आइसलँडचे आहे. १७८३ मध्ये तिथे लाकी येथे सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग उघडली आणि आठ महिने लाव्हा वाहत राहिला. एकूण सुमारे १४ ते १५ घन किलोमीटर. त्याबरोबर बाहेर पडलेल्या गंधकयुक्त वायूंनी गवत विषारी झाले, गुरे मेली, दुष्काळ पडला आणि आइसलँडची जवळजवळ पंचमांश लोकसंख्या दगावली; युरोपातही महिनोन्‌महिने धुरकट हवा राहिली. डेक्कन ट्रॅपचा एकूण लाव्हा मात्र काही लाख घन किलोमीटर होता. त्याच्या भेगांत शेवटी गोठून राहिलेला शिलारस आज नर्मदा आणि तापीच्या खोऱ्यांत लांब, सरळ, भिंतीसारख्या खडकांच्या रूपाने दिसतो. काही प्रवाह तर इतके पसरले की राजमहेंद्रीजवळ सापडणारा बेसॉल्ट, शेकडो किलोमीटरवरून, याच उद्रेकांतून आला असावा असे रासायनिक तपासणी सांगते.

काळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. त्या वेळी भारताचा भूखंड आशियाला भिडलेला नव्हता. तो हिंदी महासागरात दक्षिणेकडे होता आणि आजच्यापेक्षा पुष्कळ वेगाने उत्तरेकडे सरकत होता. वाटेत तो प्रावरणातून, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या जाड थरातून, वर येणाऱ्या अतितप्त खडकाच्या एका स्तंभावरून गेला, असे बहुसंख्य भूवैज्ञानिक मानतात. खोलवरचा तप्त खडक वर चढताना त्याच्यावरचा दाब कमी होतो आणि दाब कमी झाला की तो अंशतः वितळतो. तोच हा शिलारस. भारत पुढे निघून गेला, तो तप्त ठिपका मात्र जागेवर राहिला. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस यांची समुद्राखालची ओळ हा त्याचा माग, आणि त्याच्या टोकाला असलेल्या फ्रान्सच्या ताब्यातील रेयुनियाँ बेटावरचा पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी आजही बेसॉल्टच ओकतो आहे. म्हणजे इंदूरच्या गिट्टीचा सख्खा धाकटा भाऊ पाहायचा असेल तर हिंदी महासागर ओलांडून तिकडे जावे लागेल.

याच काळात पृथ्वीवरून उडते पक्षी वगळता सर्व डायनोसॉर नाहीसे झाले. मेक्सिकोतील चिक्शुलूब येथे एक प्रचंड अशनी आदळला होता. त्याच्याकडे नेणारा पहिला मोठा पुरावा, म्हणजे त्या काळच्या मातीच्या पातळ थरातील इरिडियम (जमिनीवर दुर्मीळ, पण अशनींत पुष्कळ असणारा धातू), लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी सहकाऱ्यांसह १९८० मध्ये जगापुढे मांडला. दख्खनच्या उद्रेकांनी या संहाराला किती हातभार लावला यावर अजून मतभेद आहेत. मात्र उद्रेक अशनीच्या आधीच सुरू झाले होते आणि नंतरही चालू राहिले, हे कालमापनाने स्पष्ट झाले आहे.

उद्रेक सलग नव्हते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. दोन थरांच्या मध्ये पुष्कळ ठिकाणी विटेसारख्या लाल मातीचा पट्टा आढळतो, त्याला ‘बोल’ म्हणतात. एक प्रवाह गोठल्यावर पुढचा येण्यापूर्वी इतका काळ गेला की खडकाची माती झाली, आणि मग तिच्यावर नवा लाव्हा आला. काही ठिकाणी तर मधल्या काळात तळी साचली, त्यांत गोगलगायी वाढल्या, काठावर झाडी झाली. त्या तळ्यांचा गाळ आता दोन बेसॉल्टांच्या मध्ये दडपलेला सापडतो. नागपूरचे स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचे महाविद्यालय तिथे आहे, त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास असे जीवाश्म गोळा करून त्यांचे वर्णन केले. ट्रॅपच्या खालचे जगही आपल्या शेजारीच उघडे पडले आहे. धार जिल्ह्यात बाघच्या आसपास समुद्रातल्या जीवांचे अवशेष असलेला चुनखडक आहे, कारण ट्रॅपच्या आधी समुद्राचा एक फाटा नर्मदेच्या खोऱ्यात शिरला होता. त्याच भागातल्या लामेटा या थरांतून डायनोसॉरची ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवल्याचे संशोधन २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. बेसॉल्ट झिजून निघाला म्हणून ती दिसली.

थराच्या टणक पोटाचा आणखी एक आविष्कार म्हणजे खांब. लाव्हा निवताना आकसतो, आणि आकसण्याचा ताण मोकळा करण्यासाठी पृष्ठभागावर भेगा पडतात. वैशाखात आपल्या काळ्या रानाला पडतात तशाच, बहुधा पाच-सहा बाजूंच्या. फरक इतकाच की लाव्हा आत आत निवत जातो तशा या भेगाही खोल उतरत जातात आणि शेवटी पहलूदार खांब सुटे होतात. उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्यावर असे सुमारे ४०,००० खांब आहेत, मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे, आणि आपल्या देवास जिल्ह्यात कावडिया पहाड आहे. तिथे खांबांच्या राशीच्या राशी अस्ताव्यस्त पडलेल्या आहेत, त्यांवर दगड आपटला तर धातूसारखा नाद येतो, आणि लोककथेत हे सगळे काम भीमाचे आहे. इंदूरच्या शाळांच्या सहली दर वर्षी कुठे कुठे जातात. ही जागा त्यांच्या यादीत असायला हवी.

सच्छिद्र माथ्याकडे परत येऊ, कारण मातीची आणि पाण्याची गोष्ट तिथूनच सुरू होते. छिद्रांतून पाणी झिरपत राहिले की त्यात विरघळलेली खनिजे हळूहळू आत साठतात. गिट्टीच्या ढिगात पांढऱ्या चकत्या, हिरवट अस्तर असलेली भोके किंवा अकीकाचे गोल खडे सापडतात ते हेच. पांढरे असेल ते बहुधा कॅल्साइट किंवा झिओलाइट. झिओलाइटचे स्फटिक पुण्या-नाशकाच्या खाणींतून जगभरच्या संग्रहालयांत गेले आहेत. असा छिद्राळ खडक कुजला की त्याचा मुरूम होतो, आणि मुरूम आणखी कुजला की माती.

बेसॉल्टमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह भरपूर असते, वाळूतले नेहमीचे खनिज क्वार्ट्झ मात्र जवळजवळ नसते. त्यामुळे त्याच्यापासून वाळू होत नाही, चिकणमाती होते. त्यातले मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट. त्याच्या सूक्ष्म पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरले की माती फुगते, पाणी गेले की आकसते आणि भेगाळते. हीच आपली काळी माती. पावसाळ्यात प्यायलेले पाणी ती महिनोन्‌महिने धरून ठेवते, म्हणून पूर्वी माळव्यात रब्बीचा गहू पुष्कळदा नुसत्या मुरलेल्या ओलीवर येत असे. बाफल्यासाठी लागणारा कठीण गहू त्यातलाच. आज खरिपात सोयाबीन आहे आणि त्या पिकाची राष्ट्रीय संशोधन संस्था इंदूरलाच आहे. घर बांधणाऱ्याला मात्र हीच माती त्रास देते. ती दर वर्षी फुगते आणि बसते, तिच्यावर उथळ पाया घेतला तर भिंतींना तिरक्या चिरा जातात. म्हणून अनुभवी मिस्त्री काळी माती पूर्ण काढून मुरूम लागेपर्यंत खणायला सांगतो, आणि खर्च वाढतो म्हणून त्याचे म्हणणे टाळू नये.

पाण्याचा प्रश्न अधिक अवघड आहे. ‘मालव माटी गहन गंभीर, डग डग रोटी, पग पग नीर’ ही म्हण माळव्यात सर्वांना पाठ असते. ती खरी होती तेव्हा पाणी लोक कुठून घेत होते? प्रामुख्याने उथळ विहिरींतून, म्हणजे काळ्या मातीखालच्या मुरुमातून आणि पहिल्या छिद्राळ माथ्यातून. हा वरचा पट्टा दर पावसाळ्यात भरत असे. त्याखालच्या टणक पोटात पाणी धरायला जागा अशी नसतेच. असतात त्या फक्त भेगा. बोअर मारताना भेग लागली तर पाणी, नाही लागली तर कोरडी भुकटी. शेजारच्या प्लॉटमध्ये भरपूर पाणी आणि आपल्याकडे थेंब नाही, हा अनुभव शहरात घरोघरी आहे. त्यात दैव कमी आणि थरांची रचना जास्त आहे. दोन थरांमधला लाल बोल चिकट असल्याने पाणी खाली जाऊ देत नाही, त्यामुळे वरचे पाणी आणि खालचे पाणी पुष्कळदा वेगवेगळे असते. खोल बोअरमधून उपसलेले पाणी परत भरून यायला फार काळ लागतो.

शिवाय इंदूर पठाराच्या माथ्यावर, कडेपाशी वसलेले आहे. कान्ह आणि सरस्वती इथून लहानशा प्रवाहांच्या रूपात उत्तरेकडे क्षिप्रेला आणि पुढे चंबळ-यमुनेला मिळायला निघतात; मोठी नदी आहे ती पायऱ्या उतरून खाली, नर्मदा. म्हणून १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून शहराला पाणी जलूद येथून, सुमारे ७० किलोमीटरवरून, टप्प्याटप्प्याने पंपांनी वर चढवून आणावे लागते, आणि त्या विजेचे बिल शहराच्या खर्चातील एक मोठी बाब आहे.

छपरावरचे पाणी जमिनीत सोडण्याची योजना करतानाही थरांचा विचार केला पाहिजे. खड्डा काळ्या मातीतच संपला तर पाणी आत शिरत नाही, कारण भिजलेली चिकणमाती स्वतःच बूच बनते. खड्डा टणक पोटापर्यंत नेला तर पाणी तळाशी तुंबून राहते. तो मुरुमात किंवा छिद्राळ खडकात उघडला पाहिजे. प्रत्येक प्लॉटवर ही खोली वेगळी असते, पण ती शोधायला महागडे यंत्र लागत नाही. शेजारी विहीर किंवा पाया खणला जात असेल तेव्हा जाऊन पाहावे, काळी माती किती फुटांवर संपली, मुरूम किती जाड आहे, लाल पट्टा लागला का, घण कधी खणखणू लागला; आणि बोअरवाला गाडी लावतो तेव्हा दर दहा फुटांना वर येणाऱ्या भुकटीचा रंग एका कागदावर लिहून ठेवायला सांगावे. तांबडा रंग आला की एक थर संपला आणि दुसरा सुरू झाला.